डावीकडच्या मोराची चोच

संगणकाच्या भाषेनं ढिसाळ माणसाशी कसं वागावं, यावरून आमच्या ऑफिसात जेवढी भांडणं झाली, तेवढी एसीच्या थंडाव्यावरूनही झाली नसतील. नाशिकच्या कॉलेज रोडवर दुसऱ्या मजल्यावर आमचं छोटंसं ऑफिस आहे. आम्ही दहा-बाराजण. आमच्या वरिष्ठ बाई, ज्यांना सगळे मॅडम म्हणतात, त्या कडक भाषेच्या बाजूच्या. त्यांचं म्हणणं असं, की प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं काही वेडंवाकडं लिहिलं तर भाषेनं त्याला दारातच अडवावं, चपला घालून घरात शिरू देऊ नये. मी नेमका उलट बाजूचा. बरीच वर्षं होतो. आता कोणत्या बाजूचा आहे ते सांगायला वेळ लागेल.

माझ्या बाजूला कारण होतं, नुसता हट्ट नव्हता. मी येवल्याचा, विणकराच्या घरातला. दहावीपर्यंत मराठी शाळा. नाशिकला डिप्लोमाला आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका कडक भाषेशी गाठ पडली. ओळीच्या शेवटी एक चिन्ह राहिलं, तर पडद्यावर चाळीस चुका लाल अक्षरांत उभ्या राहिल्या. त्या इंग्रजीत होत्या आणि सगळ्या मलाच उद्देशून होत्या. शेजारच्या मुलीनं प्रयोगशाळेतच रडायला सुरुवात केली. मी रडलो नाही, पण जेवलोही नाही. एका चिन्हासाठी एवढा तमाशा करणारी भाषा ही माणसांनी माणसांसाठी केलेली नाही, असं तेव्हा मनात बसलं. पुढं दुसरी भाषा भेटली, समजूतदार. नाव आधी सांगितलं नाही तरी चालतं, आकड्याच्या जागी शब्द दिला तरी ती काहीतरी जमवून घेते. मला ती माहेरासारखी वाटली. मॅडमना मी म्हणायचोही, "तुमची भाषा सासूबाई आहे." त्या म्हणायच्या, "सासू निदान तोंडावर बोलते."

वडिलांचा आणि या सगळ्याचा काही संबंध येईल असं वाटलं नव्हतं.

वडील पैठणी विणायचे. आमच्या घरात शिरलं की पहिल्याच खोलीत माग. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसायचं, समोर ताणलेलं रेशीम. साडीचं अंग आडवा धागा नेणारा धोटा फिरवून विणलं जातं, पण पदरावरचे मोर, पोपट, वेली हातानं भरायच्या असतात. प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी. विणकर बोटानं ताण्याचे, म्हणजे उभे, धागे मोजतो, तेवढे उचलतो, कांडी घालतो, पुढचे मोजतो. एक वीत पदर व्हायला कधीकधी आठवडा जातो. वडिलांचा एक नियम होता. तो त्यांच्या वडिलांचा आणि बहुधा सगळ्या गल्लीचाच होता. एक धागा चुकला, तर पुढं विणून तो झाकायचा नाही. जिथं चुकलं तिथपर्यंत उकलत मागं जायचं, भले चार दिवसांचं काम असो. गिऱ्हाइकाला दिसणार नाही, असं कुणी म्हटलं तर ते म्हणायचे, "गिऱ्हाइकाला नाय दिसनार, मला दिसंल." मॅडम त्यांना कधी भेटल्या नाहीत. भेटल्या असत्या तर दोघांचं चांगलं जमलं असतं.

साठी उलटल्यावर त्यांना बारीक मोजायला त्रास व्हायला लागला. म्हणजे त्रास फार नव्हता, पण दुपारनंतर डोळे चोळायचे. त्याच सुमारास त्यांनी ठरवलं की एक पैठणी आईसाठी विणायची. विणकराच्या बायकोच्या अंगावर पैठणी नसते. आमच्याकडे तर आईनं लग्नात नेसली ती शेजारणीकडून मागून आणलेली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बायकांसाठी विणलं, आता एक घरात राहू दे, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं. आईला सांगू नको, असंही सांगितलं. माग पहिल्याच खोलीत, आई दिवसभर तिथंच वावरणार, तिच्यापासून लपणार काय? पण तिनंही शेवटपर्यंत ही कुणाची साडी आहे, असं विचारलं नाही.

पदरासाठी त्यांनी नवा मोर काढला. पेन्सिलीनं, एका वहीच्या पानावर. उजवीकडचा एकच मोर. त्याच्यासमोर तसाच डावीकडे विणायचा, आरशात दिसावा तसा, आणि दोघांची चोचीला चोच लागलेली. आईनं आणि त्यांनी इतकी वर्षं एका खोलीत काढली होती, त्याचं ते चित्र असावं. तसं ते बोलले नाहीत, मीच म्हणतो आहे.

तेव्हा मला उत्साह आला. मी म्हणालो, "दादा, चित्र बघून मोजत बसू नका. मी तुम्हाला आकडे काढून देतो. मोठ्या अक्षरात. पहिल्या ओळीत एवढी घरं जरीची, एवढी हिरवी, एवढी लाल. एका घराचे ठरलेले धागे. नुसते वाचायचे आणि विणायचं." त्यांना ते पटायला वेळ लागला. पटलं ते माझ्यासाठी, हे मला आता कळतं. पोरगं शिकलंय, त्याच्या शिक्षणाचा मागाला काही उपयोग होतोय, याचं त्यांना अप्रूप होतं.

मी दोन संध्याकाळींत प्रोग्रॅम लिहिला. अर्थात माझ्या समजूतदार भाषेत. चित्राचा फोटो घ्यायचा, त्याची चौकोनी घरं पाडायची, उजवा मोर उलटा करून डावा तयार करायचा आणि ओळीओळीनं आकडे छापायचे. पहिल्या झटक्यात चालला. एकही तक्रार नाही. मी खूश झालो, ऑफिसात मॅडमनाही दाखवलं. त्यांनी विचारलं, "तपासलंस का?" मी म्हणालो, "चाललं की." कागद छापले आणि रविवारी येवल्याला नेऊन दिले. वडिलांनी ते दोन्ही हातांनी घेतले.

पुढचं सगळं फोनवर झालं. एका बुधवारी दुपारी त्यांचा फोन आला. आमच्याकडे त्या दिवशी एका गिऱ्हाइकाला काम द्यायचं होतं आणि माझं डोकं आधीच तापलेलं होतं.

"कागदात काय चूक तर नाय ना?" ते म्हणाले. "डाव्या मोराची चोच लागत नाय. आन चोचीम्होरं तीन हिरवे टिपके येत्यात."

मी कागद उघडला नाही. माझ्या समोरच्याच संगणकात तो होता, पण उघडला नाही. म्हणालो, "दाणे असतील मोरापुढचे. विणा."

"दाने आसते तर दोघांच्या मधी आसते. हे एकाच्याच म्होरं हायेत. मी काढला तव्हा चोचीला चोच हुती."

"तुम्ही एकच मोर काढला होता दादा. दुसरा यंत्रानं केलाय."

"दोनदा उकलला," ते म्हणाले. "मोजनी तर जुळती. वळीची बेरीज बराबर येती. तरी..."

आणि मग मी ओरडलो. ऑफिसातल्या सगळ्यांनी माना वळवल्या, एवढ्यानं ओरडलो. म्हणालो, बेरीज जुळते तर कागद बरोबरच असणार, यंत्र चुकत नसतं, चुकतो तो माणूस, तुम्हाला दिसत नसेल नीट, चष्मा बदला आणि परत मोजा. फोन ठेवल्यावर मॅडम माझ्याकडे पाहत होत्या. मी त्यांना म्हणालो, "म्हातारी माणसं."

वडिलांनी तिसऱ्यांदा उकललं. रेशमाला उकलणं सोसत नाही. एकदा ठीक, दुसऱ्यांदा धाग्याला लव सुटते, तिसऱ्यांदा ताण्याचे धागे तुटायला लागतात. ते तुटले. त्यांनी ते गाठी मारून जोडले नाहीत. साडीचं अंग विणून झालं होतं, पदराचे मोर गळ्यापर्यंत आले होते. तिथंच त्यांनी कापड मागावरून कापून उतरवलं. आई सांगते, कापताना ते म्हणाले, "पोरगं म्हनतं ते खरं हाय. नजर गेली."

त्यानंतर ते मागावर बसले नाहीत. आम्हाला वाटलं, थोड्या दिवसांनी बसतील. मी त्यांना नाशिकला आणून डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूची नुसती सुरुवात आहे, वयाच्या मानानं नजर उत्तम आहे, अजून काही करायची गरज नाही. बाहेर आल्यावर वडील म्हणाले, "डाक्टरला कुठं चोच विनायची हाय." मी हसलो होतो. रिक्षात बसेपर्यंत हसत होतो. आता ते आठवलं की स्वतःच्या तोंडात मारावीशी वाटते.

काही महिन्यांनी माग गल्लीतल्या एका तरुण विणकराला दिला. खड्डा मातीनं बुजवला, वर फरशी बसवली. फरशीचा रंग बाकीच्या खोलीशी जुळला नाही. त्या जागी आता फ्रीज आहे. वडील सकाळी बसस्टँडपर्यंत चालत जायचे, तिथल्या बाकावर बसायचे, गाड्या मोजून परत यायचे. मोजायची सवय जात नव्हती. गेल्या वर्षी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. चहाची बशी धरताना आवाज होतो.

हे असं दोन वर्षं चाललं. मी मात्र ऑफिसात समजूतदार भाषेची वकिली करतच होतो.

या वर्षी मॅडमनी हुकूम काढला, की यापुढची कामं कडक भाषेत करायची, ज्यांना येत नाही त्यांनी शिकून घ्यायचं. मी भरपूर कुरकुर केली. नाचता येईना अंगण वाकडं, असं त्या माझ्या तोंडावर म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. मग एका शनिवारी दुपारी, हात बसावा म्हणून, मी माझे जुने छोटे प्रोग्रॅम नव्या भाषेत उतरवायला घेतले. त्यात मोराचा होता. ओळीला ओळ लावून उतरवला आणि चालवला.

चालला नाही. उजवा मोर उलटा करायच्या पहिल्याच ओळीला थांबला आणि म्हणाला, असं घर नाही.

मी वैतागलो. मग पाहिलं. संगणकात घरं शून्यापासून मोजतात. पहिलं घर शून्य नंबरचं. उलट मोजताना माझी एका घराची गफलत झाली होती, आणि प्रोग्रॅम शून्याच्या आधीचं घर मागत होता. असं घर नसतं. कडक भाषेनं तसं सांगितलं आणि हात वर केले. माझ्या समजूतदार भाषेचा मात्र एक रिवाज आहे. शून्याच्या आधीचं घर मागितलं, तर ती समजते की तुम्हाला शेवटून मोजायचंय, आणि गुपचूप ओळीचं शेवटचं घर काढून देते. तिथं तिची चूक नाही, तो रिवाज लिहिलेला आहे, मला तोंडपाठ होता, मुलाखतीत मी तो दुसऱ्यांना विचारतो. मोराच्या ओळीचं पहिलं घर चोचीचं टोक होतं. शेवटचं घर शेपटीचं टोक. डावा मोर एक घर मागं सरकला आणि त्याच्या चोचीसमोर, जिथं समोरच्या मोराची चोच लागायची, तिथं शेपटीची टोकं येऊन बसली. तीन ओळींत. तीन हिरवी घरं. घरं तेवढीच राहिली, म्हणून बेरीज जुळली.

मी खुर्चीत बसून राहिलो. ऑफिसात कुणी नव्हतं, असतं तर बरं झालं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण सहज म्हणतो. इथं चोर मी होतो, फाशीही मीच दिली होती, आणि संन्यासी येवल्याच्या बसस्टँडवर गाड्या मोजत होता. चूक कुठंतरी कुणाला तरी उकलावी लागतेच. माझ्या भाषेनं मला ती पाच मिनिटांत उकलायला लावली असती, तर वडिलांना रेशीम उकलावं लागलं नसतं. दयाळू भाषा म्हणून मी जिचं कौतुक करत होतो, तिनं दया फक्त माझ्यावर केली होती. हे मला रडत रडत सुचलं, म्हणून इथं लिहितो आहे. ते शहाणपण म्हणून कुणी घेऊ नये.

सोमवारी मॅडमना सांगितलं. मला वाटलं, त्या म्हणतील, मी सांगत नव्हते का. त्या म्हणाल्या, "वडिलांना सांगितलंस?" मी नाही म्हणालो. "मग इथं काय करतोयस," म्हणाल्या आणि सुटी दिली.

दुसऱ्या दिवशी सीबीएस स्टँडवरून सकाळची गाडी धरली. निफाड, विंचूर, सगळा रस्ता पाठ. पिशवीत नवा कागद होता, दुरुस्त केलेला, पूर्वीसारखाच मोठ्या अक्षरात. मी मनात वाक्यं जुळवत होतो. घरी पोचलो तेव्हा वडील नुकतेच बसस्टँडवरून आले होते, आणि आई मेथी निवडत होती. मधल्या वारी कसा आलास, असं तिनं विचारलं. मी चपला काढल्या आणि जुळवलेली वाक्यं सगळी विसरलो.

"दादा, तुमची मोजणी चुकली नव्हती. माझा कागद चुकला होता."

त्यांनी विचारलं, "कुठल्या वळीत?"

"चोचीच्या. तिन्ही ओळींत."

ते उठले, आतल्या खोलीत गेले, ट्रंक उघडल्याचा आवाज आला. पांढऱ्या धोतरात गुंडाळलेली साडी त्यांनी माझ्यासमोर ठेवली. घडीमध्ये माझा जुना कागद होता. दोन वर्षांत मी तो पाहिला नव्हता. तीन ओळींभोवती पेन्सिलीचे गोल होते, नेमक्या त्याच तीन, आणि प्रत्येकासमोर त्यांच्या मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'इथं?' तिसऱ्यासमोरचं प्रश्नचिन्ह इतकं दाबून काढलं होतं, की कागद फाटला होता.

"मंजी माझी नजर तव्हा चांगली हुती," ते म्हणाले. माझ्याकडे नाही, आईकडे बघून.

आई मेथीची जुडी तशीच धरून बसली होती. "मी सांगत हुते ना तुमाला," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

मी म्हणालो, माग परत आणू. त्या विणकराला मी सांगतो. फरशी काढू, त्याला काय लागतं. कांड्या, रेशीम, सगळं आणू. बोलत सुटलो. वडिलांनी उजवा हात पुढं केला आणि तसाच धरून ठेवला. बोटं थरथरत होती. त्यांना ती थांबवायची होती, आणि थांबत नव्हती.

"डोळे हुते तव्हा हात बी हुता," ते म्हणाले.

मग त्यांनी नवा कागद घेतला, खिडकीशी नेला आणि बोटानं ओळी मोजायला लागले. ओठ हलत होते. बराच वेळ लागला. चोचीच्या ओळींपाशी आले, तिथं दोनदा मोजलं. "आता लागती," म्हणाले. तो कागद त्यांनी जुन्या कागदावर ठेवला, दोन्ही मिळून साडीच्या घडीत ठेवले आणि धोतर परत गुंडाळलं. गाठ मारता येईना. आईनं मारली.

ट्रंक बंद करून आल्यावर ते माझ्यापाशी बसले आणि खरोखर जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, "तुझं यंत्र तव्हा वरडलं कसं नाय? येवढी चूक हुती तर."

"ती भाषा ओरडत नाही दादा. समजून घेते."

त्यांनी मान डोलावली. रागावले नव्हते, आठवत होते फक्त.

"तू वरडला हुता पन," ते म्हणाले.